बंधाऱ्याखालचा खळाळ : पाणी उपसल्यावर दगडाखालच्या जिवांचे काय होते?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

दिवाळीनंतर आमच्या भागात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (दारांत बसवायच्या फळ्या) घातले जातात आणि आठ-दहा दिवसांत नदीचे रूप पालटते. वरच्या अंगाला पाणी तुंबून काठोकाठ होते आणि खालच्या अंगाला पात्रातले दगड एकामागून एक उघडे पडू लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला तुंबलेले पाणीच दिसते, त्यामुळे नदी भरली आहे असे वाटते. मी निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक असून गेली सहा वर्षे नेमका त्या उघड्या पडणाऱ्या भागात जातो. माझ्या नोंदी शास्त्रीय नियतकालिकात छापण्याजोग्या नाहीत, पण त्यांतून एक गोष्ट मला पुरेशी स्पष्ट झाली आहे. नदीतून किती पाणी काढले याची चर्चा आपण नेहमी करतो, परंतु पृष्ठवंश नसलेल्या जलचरांच्या दृष्टीने पाण्याच्या आकारमानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न वेगाचा असतो. पात्रात पाणी असूनही वाहते पाणी संपलेले असू शकते.

एकच दगड घेऊ. पाणी निवळल्यावर खळाळातला, म्हणजे पात्राच्या उथळ, खळखळ वाहणाऱ्या भागातला, ताटलीएवढा दगड उचलून पालथा केला की मेफ्लाय या जलकीटकाची चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची पिल्ले उजेडापासून पळत कडेला जातात. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात. जवळच वाळूचे कण रेशमाने जोडून बांधलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी चिकटलेली असते आणि तिच्यात कॅडिसफ्लायची अळी राहते. तिचीच एक भावकी घर बांधत नाही, तर दोन दगडांच्या फटीत जाळे विणते. जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे असते आणि वाहत आलेले अन्नकण त्यात अडकतात. दगडाला नाण्यासारखा चपटा, तपकिरी चकता चिकटलेला दिसला तर ती एका पाणभुंग्याची अळी असते आणि नखाने सोडवायला गेले तरी ती सहजी सुटत नाही. हे सगळे जीव धावत्या पाण्यासाठी घडलेले आहेत. त्यांना प्राणवायू आणि अन्न वाहते पाणीच आणून देते आणि अंगावर बसलेला गाळही तेच धुऊन नेते.

आता पाणी कमी झाले की सर्वांत आधी हाच भाग जातो, कारण खळाळ रुंद आणि उथळ असतो. डोहात वीतभर पाणी उतरले तर काही बिघडत नाही, पण खळाळात तेवढ्याने निम्मे पात्र कोरडे पडते आणि उरलेली धार मंदावते. मंदावलेल्या धारेतून बारीक गाळ खाली बसतो, दगडांच्या फटी बुजतात, वरून शेवाळाची हिरवी लोकर चढते. जाळे विणणाऱ्या अळीचे जाळे ताणले जात नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तोच दगड उचलला की खाली चिखलाच्या सुतासारख्या नळ्या आणि त्यांत लाल अळ्या सापडतात. त्या डंखहीन डासांच्या, म्हणजे कायरोनोमिडच्या अळ्या. त्यांच्या शरीरात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अल्प प्राणवायूतही तग धरतात.

एका गोष्टीने मला पहिली दोन वर्षे फसवले, ती मुद्दाम सांगतो. पाणी उतरू लागल्यावर दर दगडामागे सापडणाऱ्या जिवांची संख्या घटत नाही, वाढते! मी वहीत आनंदाने लिहूनही ठेवले होते. नंतर लक्षात आले की जागा आक्रसल्यामुळे तेवढेच जीव थोड्या दगडांवर गोळा झाले होते, बाजाराच्या दिवशी एस.टी.त व्हावेत तसे. न्यूझीलंडमध्ये ड्यूसन, जेम्स आणि डेथ या संशोधकांनी लहान ओढ्यांचे ८५ टक्क्यांहून अधिक पाणी वळवून प्रयोग केले आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनाही जिवांची दाटी वाढलेली आढळली. स्वच्छ ओढ्यात मात्र मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांचा वाटा घटला होता. म्हणून केवळ मोजदाद करू नये, कोण उरले आणि कोण गेले हे पाहावे.

आपापल्या नदीवर कोणी असे काही पाहिले असल्यास जरूर लिहावे.

उसाचा_फड

सर, तुमचे लेखन नेहमी वाचतो, पण या वेळी थोडे वेगळे मत मांडतो. माझी नदीवर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे आणि तीन एकर ऊस तिच्यावर उभा आहे. बंधारा नसता तर पौषातच पात्र कोरडे पडले असते, मग तुमच्या अळ्याही राहिल्या नसत्या आणि आम्हीही. उन्हाळ्यात पाटबंधारे खाते उपसाबंदी लावते तेव्हा आमच्या जिवाची काय घालमेल होते ती तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी दगडाखालच्या किड्यांसाठी पाणी सोडा असे म्हटले तर गावात कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय बंधाऱ्याच्या वर मासे आहेत, शिंपले आहेत, गोगलगायी तर ढिगाने आहेत. मग नदी मेली असे कसे म्हणावे?

भोगावतीकाठ

दादा, नदी मेली असे मी म्हटलेले नाही आणि बंधारे पाडा असेही म्हणणार नाही. त्याच पाण्यावर माझ्या भावाचीही शेती आहे. परंतु बंधाऱ्यावरच्या ज्या गोगलगायींचा तुम्ही उल्लेख केलात त्यांच्याकडे जरा निरखून पाहा. त्यांपैकी चकलीसारख्या चपट्या वळणाची तपकिरी गोगलगाय बहुधा इंडोप्लॅनॉर्बिस असते. तुंबलेले, जलपर्णीचे, शेणामुताने खतावलेले पाणी तिला मानवते. जनावरांच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणारा, त्यांना घोरायला लावणारा कृमी हिच्याच शरीरात वाढतो आणि तिथून पाण्यात उतरतो. लिम्नियाच्या गोगलगायी यकृतकृमीच्या वाहक आहेत, हे तर गुरांच्या डॉक्टरांकडूनही तुम्ही ऐकले असेल. म्हणजे पाणी तुंबल्यावर जीव नाहीसे होत नाहीत, ते बदलतात, आणि नव्याने आलेल्यांपैकी काही आपल्या गोठ्यापर्यंत पोहोचतात.

शिंपल्यांचे म्हणाल तर त्यांची पिल्ले सुरुवातीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. मासा बंधारा ओलांडू शकला नाही तर शिंपलाही ओलांडत नाही. मार्चमध्ये बंधाऱ्याखालच्या चिखलात मला बोटभर रुंदीची एक रेघ दिसली होती. ती काठापासून निघून, दोनदा वळून, उतरत्या पाण्याच्या मागे मागे चार-पाच हात गेली होती. रेघेच्या टोकाला शिंपला होता, घट्ट मिटलेला. पाणी त्याच्या पुढे दोन हातांवर होते.

पाटकरी

मी जलसंपदा क्षेत्रात अभियंता म्हणून नोकरी केली, त्यामुळे थोडी आकडेवारी जोडतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की ही मर्यादा सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. उथळ, संथ पाणी उन्हात लवकर तापते. शिवाय तापमान वाढले की थंड रक्ताच्या जिवांची प्राणवायूची गरजही वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, तेही एकाच दुपारी. त्यातच गावाचे सांडपाणी तेवढेच येत राहते आणि ते पातळ करायला नदीत पाणी उरत नाही. म्हणून पंचगंगेसारख्या नदीत अमुक जीव उपशामुळे गेला की प्रदूषणामुळे, असे वेगळे काढणे फार कठीण असते. अनेकदा दोन्ही कारणे एकच असतात.

नदीत किती पाणी ठेवावे याचा सर्वांत जुना आणि सोपा ठोकताळा टेनंट यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत मांडला. सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाणी म्हणजे जेमतेम तग आणि ३० टक्के म्हणजे बरी स्थिती, असा तो होता. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेसाठी अधिसूचना काढली. तिच्यानुसार उगमाकडच्या हिमनद्यांपासून देवप्रयागमार्गे हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्चमध्ये मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबरमध्ये ३० टक्के पाणी पात्रात राहिले पाहिजे. माझे मत असे की टक्केवारी हे सुरुवातीचे पाऊल म्हणून ठीक आहे, पण तेवढ्याच पाण्याने खडकाळ खळाळ भिजेल की अरुंद चरातून सगळे निघून जाईल, हे पात्राच्या आडव्या छेदावर अवलंबून असते. त्यासाठी छेद मोजावा लागतो, आणि गमबूट घालून पाण्यात उतरण्याची हौस आमच्यापैकी फार थोड्यांना असे.

चॉकवाले_पाणी

मी इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर परगण्यात राहतो. येथे चुनखडीच्या मऊ खडकातून झऱ्यांनी वाहणाऱ्या नद्या आहेत. नदीत मोटर टाकलेली कुठेही दिसत नाही, तरी नद्या आटतात, कारण शहरांचे पाणी त्याच खडकातून विंधनविहिरींनी ओढले जाते. सेंट अल्बन्सजवळून वाहणारी व्हेर ही नदी तिच्या वरच्या टप्प्यात अशीच कोरडी पडत असे. फ्रायर्स वॉश येथील उपसा १९९३ मध्ये थांबवल्यानंतर तिथे पाणी परतले.

येथे स्वयंसेवक दर महिन्याला नदीत उतरतात, पायाने तळ ढवळतात, खालच्या अंगाला जाळी धरतात, तीन मिनिटे मोजतात आणि जाळीतला माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात. आठ ठरावीक गट ओळखायचे आणि त्यांची मोजणी करायची. गुण ठरलेल्या पातळीखाली गेले की शासकीय पर्यावरण यंत्रणेला कळवायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रेमध्ये मला केवळ कचरा दिसला. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "दोन मिनिटे थांबा." पाणी निवळले आणि कचरा चालू लागला.

प्रवाहासाठी स्वतंत्र निर्देशांकही येथे वापरला जातो. एक्स्टेन्स, बाल्बी आणि चॅड यांनी तो १९९९ मध्ये मांडला. प्रत्येक कुळाला किंवा जातीला किती वेगाचे पाणी आवडते यावरून सहा गट केलेले आहेत, अगदी वेगवान पाण्यापासून ते कोरड्यातही टिकणाऱ्यांपर्यंत. त्यामुळे ट्रेमध्ये कोण सापडले यावरून मागच्या काही महिन्यांत नदी कशी वाहिली असेल याचा अंदाज बांधता येतो. नदीवर प्रवाहमापक नसला तरी.

भोगावतीकाठ

ही नोंद फार मोलाची आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक निकषांची पद्धत आहे. ती कुळांच्या प्रदूषणसहिष्णुतेवर आणि विविधतेवर गुण देते, म्हणजे तिचा रोख मुख्यतः प्रदूषणावर आहे. वेगाची पसंती पाहणारी मोजपट्टी आपल्या सह्याद्रीतल्या जिवांसाठी कोणीतरी तयार करायला हवी. आणि विहिरीचा मुद्दाही आमच्याकडे तंतोतंत लागू आहे. फेब्रुवारीनंतर नदीत जे थोडे झिरपून येते ते काठच्या जमिनीतले पाणी असते, आणि काठावर हाताच्या अंतराने विहिरी आहेत.

कुंडलिकेचा_काठ

आमची अडचण उलटी आहे. मुळा नदीचे पाणी मुळशी धरणात अडवून डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते आणि तिथून कुंडलिकेत येते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तेच हे धरण. म्हणजे एका नदीचे पाणी गेले आणि दुसरीला परके पाणी मिळाले. आमच्याकडे उन्हाळ्यातही राफ्टिंग चालते ते या पाण्यामुळेच. पण वीजघर चालू असेल तेव्हाच पाणी. सकाळी नदी फुगते, नंतर उतरते आणि तासाभरापूर्वी पाण्याखाली असलेले दगड उन्हात वाळू लागतात. ज्या नदीत पाणी वाढले आहे तिथेही या जिवांचे नुकसान होत असेल का?

भोगावतीकाठ

होते, आणि कसे होते याचा उत्तम अभ्यास अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर झालेला आहे. तिथे ग्लेन कॅन्यन धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे रोज पाणी कमी-जास्त सोडले जाते. अनेक जलकीटकांच्या माद्या संध्याकाळी काठावर येऊन पाण्याच्या रेषेलगतच्या दगडांवर अंडी घालतात. काही तर दगडावरून चालत पाण्याखाली उतरून अंडी चिकटवतात. अंडी घालताना पाणी चढलेले असेल तर ते उतरल्यावर अंडी उघडी पडतात आणि थोड्याच वेळात सुकून जातात. केनेडी आणि सहकाऱ्यांनी हे २०१६ मध्ये मांडले. त्यासाठीचे नमुने बव्हंशी राफ्टिंग करणाऱ्या नागरिकांनी रोज रात्री नदीकाठी दिवा लावून गोळा केले होते, हे तुमच्या गावाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यावरचा उपायही साधा निघाला. २०१८ च्या मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार पाणी कमी पण स्थिर ठेवण्यात आले, कारण त्या दिवशी विजेची मागणी कमी असते. त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पाण्याच्या खालच्या रेषेवर असतात आणि पुढे आठवडाभर भिजलेली राहतात. एकूण पाण्यात कपात नाही, केवळ वेळापत्रकात बदल. मला हा दाखला आवडतो, कारण जिवांचा आणि माणसांचा हिशेब दर वेळी एकाच घागरीतून होत नाही हे त्यावरून दिसते.

बावनदी

मी रत्नागिरीकडचा. आमच्या नद्यांतल्या काही जातींच्या कोळंबीचा संसार गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत वाटलेला असतो. मोठी कोळंबी गोड्या पाण्यात राहते, पण पिल्लांना मचूळ पाणी लागते, म्हणून ती खाडीकडे वाहत जातात आणि वाढल्यावर काठाकाठाने वर चढतात. वाटेत पाणीपुरवठ्याची जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी उपसण्याची काठची विहीर, असेल तर पिल्ले तिच्यात ओढली जात असतील का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. दिसायला ती डोळ्यातल्या कुसळाएवढी असतात, त्यामुळे जाळीचा काही उपयोग नसावा.

भोगावतीकाठ

नेमका हाच प्रश्न घेऊन पोर्तो रिकोमध्ये एस्पिरितू सांतो नदीवर काम झाले आहे. बेन्स्टेड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की वाहत येणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांपैकी सरासरी ४२ टक्के पिल्ले उपशाच्या तोंडात जात होती आणि पाणी अगदी कमी असताना तर सर्वच्या सर्व. परंतु ही पिल्ले दिवसभर सारखी वाहत नाहीत. अंधार पडल्यावर त्यांचा लोंढा निघतो. संध्याकाळच्या त्या वेळेत तीन तास उपसा थांबवला तर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवर आणि पाच तास थांबवला तर ११ टक्क्यांवर येईल असे त्यांचे गणित निघाले.

अंधारात वाहण्याची ही सवय केवळ कोळंबीची नाही. मेफ्लायची पिल्लेही रात्री दगड सोडतात आणि धारेबरोबर खाली सरकतात. बहुधा दिवसा टपलेल्या माशांपासून वाचण्यासाठी. रिकामे पडलेले खळाळ पुन्हा वसतात ते मुख्यतः अशा वाहत आलेल्यांमुळे आणि उडून येऊन अंडी घालणाऱ्या माद्यांमुळे. बंधाऱ्यांची माळ असली की ही वाट प्रत्येक तुंबलेल्या पाण्यात खुंटते, कारण तिथे वाहणारा जीव तळाशी जातो आणि गाळात बसतो.

उसाचा_फड

सर, रात्रीचा मुद्दा वाचून एक गोष्ट डोक्यात आली. शेतीपंपांची लाईट आम्हाला पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीत काठावरच्या सगळ्या मोटरी एकदमच सुरू होतात, तेही अंधार पडल्यावर. म्हणजे तुमचे हे जीव घराबाहेर पडतात आणि नेमक्या त्याच वेळी आमचे फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाच्या झडपा) उघडतात. दिवसा लाईट द्या ही आमची जुनीच मागणी आहे, साप-विंचवाच्या भीतीने. तिला आणखी एक कारण मिळाले, एवढेच! आमची मागणी आणि तुमच्या अळ्यांची मागणी एकच निघेल असे वाटले नव्हते.

दुसरे असे की बंधाऱ्याला आधीच गळती असते. बरग्यांच्या फटीतून पाणी जातच राहते आणि आम्ही पोती, चिखल, प्लास्टिकचे कागद कोंबून ते बंद करतो. ती गळती किती असते आणि तेवढ्याने तुमचा खळाळ ओला राहतो का?

पाटकरी

हा प्रश्न मोजून सोडवता येतो. बंधाऱ्याखाली पात्राची रुंदी, दर मीटरला खोली आणि तरंगत्या लाकडी चिपेने वेग मोजला तरी कामापुरता प्रवाह कळतो. चिपेचा वेग पृष्ठभागाचा असतो, म्हणून त्याला सुमारे ०.८५ ने गुणावे. खडकाळ तळ असेल तर आणखी कमी धरावे.

भोगावतीकाठ

दादांच्या प्रश्नावर माझ्याजवळ एकाच हंगामाचे उत्तर आहे. मागच्या वर्षी आमच्या बंधाऱ्याचे एक दार नीट बसले नव्हते आणि जानेवारीअखेरपर्यंत त्यातून मांडीएवढी धार पडत होती. त्या धारेखालच्या दगडांवर जाळेवाल्या अळ्या फेब्रुवारीतही होत्या, नाण्यासारखे चकतेही होते. तीस पावलांवर दुसऱ्या दाराखाली, जिथे कागद कोंबून गळती बंद केली होती, तिथे लाल अळ्या आणि गोगलगायीच होत्या. दोन्हीकडचे पाणी एकाच बंधाऱ्यातले होते. एका दारावरून नियम काढता येत नाही हे मी जाणतो, म्हणून या वर्षी दोन्ही दारांखाली पाच-पाच दगड खुणेने ठरवून ठेवले आहेत. पाटकरींनी सांगितल्याप्रमाणे चिपेने वेगही मोजणार आहे.

बरगे येत्या आठवड्यात पडतील. दादा, तुमची मोटर त्याच बंधाऱ्याच्या वर आहे असे गृहीत धरतो. गळती बुजवायला माणसे जातील तेव्हा ते दार तेवढे महाशिवरात्रीपर्यंत राहू द्यावे असे त्यांना सांगता येईल का?

उसाचा_फड

सांगतो. पण गळतीने पाणी बोटभर जरी उतरले तरी लोक मला विचारतील, तेव्हा मोजायला तुम्ही हजर राहा, आणि येताना ती पांढरी परात घेऊन या. कचरा चालू लागतो तो एकदा त्यांनाही पाहू द्या.